सासूबद्दल अभिनंदन

फाबियानाच्या सासूची, बेप्पेची, पंचाहत्तरी होती. डौवे सकाळपासून नदीकाठच्या गवतावर खुर्च्यांचा गोल मांडत होता, आणि फाबियाना आपल्या कॅरव्हॅनच्या पायरीवर एकटी माते, तिच्या उरुग्वेचा तो कडू काढा, पीत बसली होती. आज बेप्पेला सांगायचं होतं. कसं सांगायचं, ते मात्र डच मुलखातल्या फ्रीसलंडपासून फ्रान्सपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात सुचलं नव्हतं.

डौवे हा तिचा मोठा दीर. धिप्पाड, मितभाषी, आणि बटाट्यांच्या बाबतीत अतिशय हट्टी. दर उन्हाळ्यात सगळं कुटुंब दोर्दोन्य नदीवरच्या याच तळावर येई, आणि डौवे येताना घरचे बटाटे पोतंभर घेऊन येई. फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत की काय, असं फाबियानाने पहिल्या वर्षी विचारलं होतं. "मिळतात," डौवे म्हणाला होता, "पण ते फ्रेंच असतात."

"ए फाबियाना, तुमच्या खुर्च्या कुठायत? तिन्ही काढतो बाहेर," तो आत्ता म्हणाला, आणि म्हणता म्हणता गप्प झाला.

"दोनच लागतील," फाबियाना म्हणाली.

"हो. हो, दोनच." तिसरी खुर्ची, निळ्या पट्ट्यांची, तेवढ्यात त्याच्या हातात आलीच होती. तिचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती मिटून हळूच कॅरव्हॅनला टेकवली आणि उगाचच पताकांच्या माळा बांधायला निघून गेला.

वित्से, फाबियानाचा नवरा, नोव्हेंबरात गेला. सायकलवरून घरी येताना कालव्याच्या कडेला त्याच्या छातीत कळ आली, आणि संपलंच. यंदा गाडी फाबियानाने एकटीने हाकली, मागे कॅरव्हॅन, शेजारी पंधरा वर्षांची मुलगी निन्के कानात इयरफोनची बोंडं घालून. ऑर्लेआँच्या पुढे कुठेतरी फाबियानाने मन घट्ट करून तिला सांगून टाकलं होतं, की आपण उरुग्वेत, साल्तोला परत जायचं, कायमचं. मिर्ता मावशीच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, ती म्हणते या. निन्केने एका कानातलं बोंड काढलं, "बरं" म्हणाली, आणि बोंड परत घातलं. त्या 'बरं'वर फाबियानाने सगळा डोलारा उभा केला होता. मिर्ता आज संध्याकाळी फोन करणार होती. वरचा मजला तुमच्यासाठी ठेवू की भाड्याने देऊ, एवढंच तिला विचारायचं होतं. त्याआधी बेप्पेच्या कानावर घालणं भाग होतं.

तिने थर्मासमधून तुंब्यात पुन्हा पाणी ओतलं. उरुग्वेत माते कोणी असं एकट्याने पीत नाही. तुंब्यात कडू पाला, वर गरम पाणी, आणि नळी एकच. एकाने भरायचं, दुसऱ्याने तळापर्यंत ओढून परत द्यायचं, मग तिसऱ्याचा नंबर. तुंबा परत देताना 'थँक यू' म्हणायचं नसतं. म्हटलं, की त्याचा अर्थ बस, आता मला नको. आणि शेवटचं माणूस बस म्हणेपर्यंत भरणाऱ्याने जागचं हलायचं नाही. साल्तोत तिची आजी अशी दुपारच्या दुपारी बसून असे.

लग्न होऊन फ्रीसलंडला आली त्या पहिल्या आठवड्यात तिने मोठ्या हौसेने बेप्पेपुढे तुंबा केला होता. बेप्पेने नळी ओढली, तोंड कडूजहर केलं, तुंबा परत दिला आणि म्हणाली, "थँक यू." झालं! नाही आवडत बाईला, फाबियाना समजून चुकली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. उगाच कोणाच्या मागे लागायचा तिचा स्वभाव नव्हता. त्याला आता अठरा वर्षं झाली.

*

दुपारी सगळे गोलात बसले. गुडघ्याला गुडघा लागेल असा गोल, मध्ये काहीही नाही, हातात कॉफी आणि गुलाबी साखरेच्या थराचा केक. माणशी तुकडा एक. बेप्पे निळा झगा घालून, पांढरे केस चापूनचोपून बसवून, खुर्चीत ताठ बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण हिल्के मावशी. हिला ऐकू कमी येई, आणि सगळ्यांनाच कमी येतं अशा समजुतीने ती बोले.

या लोकांत वाढदिवस एकट्याचा नसतो. आईचा असला तर मुलाचं अभिनंदन करायचं, आजीचा असला तर नातीचं, बहिणीचा असला तर बहिणीचं. आलेला प्रत्येक जण गोलात एकेकापुढे जाऊन हात मिळवतो आणि नातं लावून अभिनंदन करतो, जणू बेप्पेला पंचाहत्तर वर्षं जगवण्यात सगळ्यांचा हातभार. पहिल्या वर्षी कोणीतरी फाबियानाला "सासूबद्दल अभिनंदन!" म्हणालं, तेव्हा ती खो खो हसत सुटली होती. "अरे पण मी काय केलंय?" तिने वित्सेच्या कानात विचारलं होतं. "तू तिला सहन करतेयस," वित्से म्हणाला होता, "ते काय कमी आहे?"

या वर्षी ते वाक्य कोण म्हणतंय याची आपण वाट बघतोय, हे फाबियानाला आज स्वतःशीच कबूल करावं लागलं. सकाळपासून कोणी म्हटलं नव्हतं. डौवेने नुसता खांद्यावर हात ठेवला होता. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. एरवी ती आली की सगळे आपली फ्रिजियन बोली सोडून डच बोलू लागत. तिच्या सोयीसाठीच, पण दर वेळी कोणी पाहुणं आल्यासारखी भाषा बदले. आज कोणी बदललीच नाही. घरचीच म्हणून, की ती बसलीय हे कोणाच्या लक्षातच नाही म्हणून, याचा तिला उलगडा होईना.

तेवढ्यात फ्राउक्ये आली. वित्सेची धाकटी बहीण, बोलायला फटकळ, मनाने वाईट नाही. तिच्याबरोबर तिचा नवा माणूस होता, रुत्खर, हेगचा. पहिल्यांदाच घरच्यांसमोर येत होता, त्यामुळे इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम आणि हातात फुलं. गाडीत फ्राउक्येने त्याची उजळणी करून घेतलेली दिसत होती.

"मॅडम, पंचाहत्तरीबद्दल अभिनंदन!" त्याने बेप्पेचा हात हलवला. मग रीतसर गोलात निघाला. "डौवे ना? आईबद्दल अभिनंदन! तुम्ही हिल्के मावशी, बहिणीबद्दल अभिनंदन! तू निन्के, आजीबद्दल अभिनंदन!"

आणि हात पुढे करून तो फाबियानासमोर उभा राहिला. "आणि तुम्ही...?"

"ही फाबियाना," फ्राउक्ये घाईने म्हणाली, "निन्केची आई."

"हो, हो. अर्थात. तर तुमचं..." त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला स्पष्ट दिसत होता. निन्केची आई, म्हणजे वित्सेची बायको, पण वित्से तर... मग ही बेप्पेची आता कोण? बिचारा घामाघूम झाला. "तर तुमचंही... म्हणजे... आपलं..." पुढे केलेला हात अर्ध्यातच वळला आणि त्याने बाजूच्या टेबलावरचा कॉफीचा कप उचलला.

फाबियानाचा हात मात्र पुढे झालेलाच राहिला. तिने तो मांडीवर ठेवला.

"काय झालं? थांबला का तो?" हिल्के मावशीने विचारलं. मग तिचं तिनेच ओळखलं. "हां! वित्से गेला नाही का! मग आता ही सून कुठली? बरोबर थांबला हो पोरगा! हुशार आहे!"

फाबियानाला फ्रिजियन कळत नाही, असं मावशी गेली अठरा वर्षं धरून चालली होती. फाबियानाला अक्षरन् अक्षर कळलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. डौवे हवामानावर बोलला, रुत्खर वाटेतल्या वाहतुकीवर बोलला. फ्राउक्येला काहीतरी गोड विषय काढायचा होता, म्हणून तिने निन्केकडे मोर्चा वळवला. "काय गं, बेप्पेने खोलीला पिवळा रंग दिलाय, आवडला का? मी म्हटलं होतं फिका निळा दे, पण ऐकते कोण! सप्टेंबरपासून राहायचंय तुला तिथे, तुझ्या पसंतीचा नको का?"

निन्केचा चेहरा पांढराफटक पडला.

"सप्टेंबरपासून कोण राहणार आहे तिथे?" फाबियानाने विचारलं.

फ्राउक्येने निन्केकडे पाहिलं, मग बेप्पेकडे. "तिने तुला सांगितलं नाही? अगं बाई... मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

रुत्खरसाठी तुकडा कापणारी बेप्पेची सुरी केकमध्ये तशीच थांबली होती. "आधी केक खाऊन घ्या," ती म्हणाली.

फाबियाना उठली. गोलातून बाहेर पडायचं तर कोणाचे तरी गुडघे ओलांडावे लागतात. डौवेने आपले पाय बाजूला घेतले आणि ती निघून गेली. मागे कोणी हाक मारली नाही. हाक मारायला या गोलात आता कोणी नव्हतंच.

*

भांडी घासायच्या मोरीवर फ्राउक्येने तिला गाठलं. बरोबर कपांनी भरलेला प्लास्टिकचा टब होता. बोलायचं असलं की ही माणसं हातात काम घेऊन येतात.

"हे बघ, मी मुद्दाम नाही बोलले," फ्राउक्ये म्हणाली. "आणि रुत्खर तर निव्वळ गोंधळला. तो आता गाडीत जाऊन बसलाय, बाहेर यायला तयार नाही."

"रुत्खरचं सोड. माझ्या पोरीची खोली रंगवून झाली आणि मला पत्ता नाही?"

"ती आपण होऊन आली होती गं. एप्रिलमध्ये. सायकल मारत बेप्पेकडे आली आणि म्हणाली, आई उरुग्वेला गेली तर मी तुझ्याकडे राहू का."

"एप्रिलमध्ये?" एप्रिलमध्ये तर फाबियाना निन्केपाशी चकार शब्दही बोलली नव्हती. फक्त मिर्ताशी बोलायची, फोनवर, स्वयंपाकघराचं दार लावून. "आणि तुम्हाला वाटलं नाही, हिच्या आईला विचारावं?"

"तुला वाटलं का, पोरीला विचारावं?" फ्राउक्ये ताडकन म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "रागावू नकोस. पण खरं सांगू? तू आमच्यात कधी भांडलीसुद्धा नाहीस. अठरा वर्षांत एकदासुद्धा! नेहमी चालेल, हरकत नाही, तुम्ही म्हणाल तसं. घरच्या माणसाशी असं वागतात का? आम्हाला वाटायचं, हिचा एक पाय दाराबाहेर आहे."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मला अजून दारातच उभं केलंय."

मग फ्राउक्येने तिच्याकडे पुसायचं फडकं दिलं आणि फाबियानाने ते घेतलं. दोघींनी मिळून कप पुसले. रस्त्याकडून गाडीचा हॉर्न वाजला, तशी फ्राउक्ये कपाळाला हात लावून रुत्खरची समजूत काढायला गेली.

निन्के नदीत पाय सोडून दगडावर बसली होती. पलीकडे लहान मुलं होड्यांतून आरडाओरडा करत चालली होती. फाबियाना तिच्या शेजारी बसली. मुलीला ओरडायचं असं ठरवून ती आली होती, पण जवळून पाहिलं तर निन्केचं नाक रडून लाल झालेलं.

"गाडीत तू बरं म्हणालीस ना?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस. कोणी सांगितलं की माणूस बरंच म्हणतो."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"तू गाडी चालवत होतीस. मागे एवढी मोठी कॅरव्हॅन. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतंस, आई. त्यात आणखी मी कुठे नाही म्हणू?"

फाबियानाने चपला काढून पाय पाण्यात सोडले. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "साल्तोत मिर्ता मावशी आहे. तुझी मावसभावंडं आहेत. नदी आहे, हिच्या चौपट मोठी. रविवारी सगळे जमतात. तुला तिथे एकटं वाटणार नाही."

"तुला नाही वाटणार. मला वाटेल. माझं स्पॅनिश ऐकून ती मुलं हसतात, माहितीय तुला? प्रेमानेच हसतात, पण हसतात." निन्केने पायाने पाणी उडवलं. "तिथे मी तू होईन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळे हसून झाल्यावर मागाहून हसणारी. दुकानात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागणारी. कोणी काही विचारलं तर चालेल, हरकत नाही म्हणणारी. आणि खिडकीत एकटी बसून माते पिणारी. मी तिथे खिडकीत बसून कॉफी पिईन, एवढाच फरक."

हे सगळं आपण किती छान झाकलंय, असं इतकी वर्षं फाबियानाला वाटत होतं. "तू हे बघत होतीस?"

"घरात तीनच तर माणसं होती आई. मी बघणार नाही तर काय करणार?"

"आणि मी गेलेच तर तू मागे राहशील? मला सोडून?"

"तूच जाऊ नकोस ना."

"इथे माझं कोण आहे गं?" फाबियाना एकदम म्हणाली. मनात हजारदा म्हटलेलं वाक्य, तोंडातून आज पहिल्यांदा बाहेर पडलं. तिथेच तिला कळलं की ते आपण कोणापुढे बोललो.

निन्के उठली, चपला हातात घेतल्या. "बरं," ती म्हणाली, आणि दगडांवरून तंबूंकडे निघून गेली.

*

ऊन उतरलं, पण उजेड अजून भरपूर होता. फाबियानाने पाणी तापवलं, उकळू न देता थर्मासात भरलं, आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली. डौवेच्या तंबूकडून बटाटे तळल्याचा वास येत होता. तिला जेवायला बोलवायला कोणी येईल असं वाटत नव्हतं, आणि आलं तर काय बोलायचं हेही तिला माहीत नव्हतं. मिर्ताचा फोन आला की हो म्हणायचं, ठेव मजला. एकटीपुरता का होईना, ठेव. तिने मनाशी पक्कं केलं, आणि त्या 'एकटीपुरता'पाशी तिला रडू फुटलं.

"तुझा तुकडा राहिला होता," कोणीतरी म्हणालं.

बेप्पे होती. हातात बशी, बशीत केक, त्यावर दुसरी बशी उपडी. "हिल्केचा डोळा होता त्याच्यावर, म्हणून लपवून ठेवला." तिने बशी पायरीवर ठेवली, कॅरव्हॅनला टेकलेली निळ्या पट्ट्यांची खुर्ची कोणाला न विचारता उघडली आणि तीत बसली. वित्सेच्या खुर्चीत नोव्हेंबरपासून कोणी बसलं नव्हतं. फाबियानाने डोळे पुसले.

बेप्पेला ती कधी नावाने हाक मारू शकली नव्हती. मुलं तिला मेम म्हणत, म्हणजे आई. ते फाबियानाच्या तोंडी कधी बसलं नाही. निन्के होईपर्यंत "अहो ऐका ना" यावर वेळ भागवली, आणि निन्के झाल्यावर तिच्यामागून तीही बेप्पे, म्हणजे आजी, म्हणू लागली.

"मी चुकले," बेप्पे म्हणाली. बोलत होती आपल्या बोलीतच, डचवर यायचं तिच्या ध्यानात नव्हतं. "तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते."

"मग? बरोबरच ओळखलं होतं की मी." बेप्पेने झग्यावरचा केकचा कण झटकला. "त्या पोरीच्या भुवया बघितल्यास? अगदी वित्सेच्या. मला वाटलं, आता जाईल ते सगळंच जाईल. घर रिकामं होईल. म्हातारी माणसं स्वार्थी असतात, काय करणार."

"मी तुम्हाला आज सांगणारच होते. साल्तोला परत जायचं ठरवलंय म्हणून."

"एप्रिलपासून माहितीय मला. वाट बघत होते, तू कधी सांगतेस." बेप्पेचा आवाज एकदम कडक झाला. "पण सांगशील कशाला? आम्ही कोण तुझे? तू मला कधी आपलं मानलंच नाहीस. आल्या आल्या एकदा तो तुंबा पुढे केलास, आणि त्यानंतर आजतागायत विचारलं नाहीस. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या समोर बसून एकटी ओढत बसायचीस! मी कॉफी दिली तर घ्यायचीस, पण तुझ्यातलं कधी म्हणून दिलं नाहीस. मी वित्सेपाशी बोलले होते एकदा. म्हटलं, तुझ्या बायकोला माझं उष्टं चालत नसेल."

फाबियाना तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही थँक यू म्हणालात!"

"मग? म्हणणारच! हातात काही दिलं तर माणूस थँक यू म्हणतो. आम्ही काय जनावरं आहोत?"

"अहो, पण आमच्याकडे तुंबा परत देताना थँक यू म्हटलं, की त्याचा अर्थ बस. आता नको. तुम्ही तोंडही असं केलंत! मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही. वित्सेने नाही सांगितलं?"

"वित्से? तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा."

"मलाही तेच म्हणायचा!"

"म्हणजे आवडलं नव्हतंच," बेप्पे म्हणाली. "गवत उकळल्यासारखं लागत होतं. पण मला हवं होतं."

आधी बेप्पेचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय की रडतेय हे फाबियानाला कळेना. मग कळलं, दोन्ही. तिचंही तेच चाललं होतं. अठरा वर्षं! एका स्वयंपाकघरात समोरासमोर बसून दोघी एकमेकींची वाट बघत होत्या, आणि मधला माणूस हसत हसत दोघींच्या मधून निघून गेला होता.

"दे ते इकडे," बेप्पे म्हणाली.

फाबियानाने तुंब्यात पाणी ओतलं आणि पुढे केला. बेप्पेने नळी तोंडात धरली. तोंड तसंच कडूजहर झालं, पण तिने नळी सोडली नाही. तळाशी खरखर आवाज येईपर्यंत ओढलं.

"म्हणजे मी तो शब्द म्हटला की संपलं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मग तू उठणार?"

"उठायला मोकळी. समोरचं माणूस बस म्हणेपर्यंत भरणाऱ्याने उठायचं नसतं. आमची आजी दुपारच्या दुपारी बसायची."

"असं आहे होय." बेप्पेने तुंबा परत केला. पंचाहत्तर वर्षांची सवय होती, शब्द ओठांवर आलाच, अर्धा बाहेरही पडला. तिने तो तसाच गिळला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"भर," ती म्हणाली.

फाबियानाने भरला. बेप्पे प्यायली, परत दिला, काही बोलली नाही. मग फाबियाना प्यायली, त्याच नळीने. मग पुन्हा बेप्पे. तंबूंच्या बाजूने निन्के येत होती. लांबूनच तिने दोघींना पाहिलं, वित्सेच्या खुर्चीत कोण बसलंय ते पाहिलं, आणि तिथेच गवतात उभी राहिली. जवळ यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. फाबियानाने हाताने पायरीवरची आपल्या शेजारची जागा थोपटली.

तेवढ्यात फोन वाजला. मिर्ताच होती. साल्तोत दुपार असणार, तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"बोल! सांगितलंस का तिला? मजल्याचं काय करू? माणूस दारात उभा आहे इथे, हो किंवा नाही सांग."

फाबियानाने बेप्पेकडे पाहिलं. बेप्पेला स्पॅनिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती रिकामा तुंबा पुढे धरून, ओठ मिटून, वाट बघत होती.

"देऊन टाक त्याला मजला," फाबियाना म्हणाली. "मला आत्ता उठता येत नाहीये मिर्ता. समोरचं माणूस अजून थँक यू म्हणालेलं नाही."

साल्तोच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"पण तिकडे तुझ्याबरोबर माते प्यायला आहे तरी कोण?" मिर्ताने विचारलं.

"माझी सासू," फाबियाना म्हणाली, आणि तिने तुंबा भरायला घेतला.